लसीबद्दल लोक काय शोधतात : इंदूरसाठी गुगल ट्रेंड्सचा आलेख कसा काढावा, कसा वाचावा

मराठी मंडळाच्या आरोग्य शिबिराची तयारी असो, स्थानिक पुरवणीतला लेख असो की वैद्यकीय महाविद्यालयातला प्रकल्प, गुगल ट्रेंड्सचा, म्हणजे गुगलवर एखादा शब्द केव्हा तुलनेनं किती शोधला गेला ते ० ते १०० आकड्यांत दाखवणाऱ्या साधनाचा, आलेख हल्ली सगळीकडे चिकटवलेला दिसतो. खाली हमखास एक वाक्य असतं : "मे २०२१ मध्ये १०० आणि आता ३, म्हणजे लोकांना लसीची पर्वा राहिली नाही." हे वाक्य चुकीचं आहे (का ते तिसऱ्या टप्प्यात येईल), आणि त्यावर बेतलेलं शिबिर किंवा पत्रकही मग चुकीच्या प्रश्नाला उत्तर देत बसतं. आलेख काढायला दोन मिनिटं लागतात. नीट काढायला एक दुपार जाते आणि वाचायला आणखी एक. पुढचे टप्पे याच क्रमानं करा. क्रम बदलला की कुठे बिघडतं तेही त्या त्या ठिकाणी दिलं आहे.

टप्पा १ : संगणक उघडण्याआधी प्रश्न कागदावर लिहा

ट्रेंड्स तीनच गोष्टी सांगू शकतं : शोध केव्हा वाढला, कोणत्या शब्दांत वाढला, आणि कोणत्या भागात तो तुलनेनं जास्त आहे. किती जणांनी लस घेतली, किती जणांचा विरोध आहे, कोण घाबरलंय, यातलं काहीही तिथून कळत नाही.

"इंदूरच्या लोकांचा लसीवर विश्वास आहे का?" हा प्रश्न खोडा. "गोवर-रुबेलाच्या डोसनंतरच्या तापाबद्दल लोक कोणत्या शब्दांत विचारतात आणि वर्षात केव्हा जास्त विचारतात?" हा चालेल. फरक साधा आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हाती आलं की पत्रकात काय छापायचं ते ठरतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातल्या १२ ते २३ महिन्यांच्या मुलांचं पूर्ण लसीकरण चौथ्या फेरीत (२०१५-१६) ५३.६ टक्के होतं, पाचव्या फेरीत (२०१९-२१) ते ७७.१ टक्के झालं. एवढी मोठी सुधारणा आशा दीदी, एएनएम (गावोगावी लस टोचणाऱ्या सहायक परिचारिका) आणि आंगनवाडीच्या पायपिटीतून झाली. ज्या घरात आशा दीदी दारात येऊन तारीख सांगून जाते, त्या घराला गुगलला विचारायची गरजच पडत नाही. म्हणून कमी शोध म्हणजे कमी लसीकरण, हे गणित पहिल्या पानावरच खोडून टाका.

टप्पा २ : शब्दांची यादी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सगळ्यात जास्त वेळही इथेच द्या. इंदूरचं मराठी घर बोलतं मराठीत, पण फोनवर टाइप बहुधा हिंदीत करतं, तेही पुष्कळदा रोमन लिपीत. 'लस' आणि 'लसीकरण' एवढेच शब्द टाकले, तर मध्य प्रदेशासाठी ट्रेंड्स बहुधा 'पुरेसा डेटा नाही' एवढंच सांगेल. त्याचा अर्थ इंदूरचे मराठी लोक लस शोधत नाहीत असा नव्हे. ते ती दुसऱ्या शब्दांनी शोधतात.

एका कागदावर चार रकाने आखा : मराठी, देवनागरी हिंदी, रोमन हिंदी, इंग्रजी. प्रत्येक लसीसाठी चारही रकाने भरा. भरताना हे सापळे ध्यानात ठेवा.

'टीका' हा शब्द सर्वांत धोक्याचा. हिंदीत टीका म्हणजे लस, पण कपाळावरचा टिळाही, ग्रंथावरचं भाष्यही आणि नवरीच्या भांगातला दागिनाही. लग्नसराईत 'मांग टीका डिज़ाइन'चे शोध चढले की तुमचा लसीचा आलेखही चढतो. मराठीत तर टीका म्हणजे दोष दाखवणं. महाराष्ट्रासाठी हा शब्द टाकला तर राजकारणाच्या बातम्या निघतात. रोमन लिपीत एक अक्षर इकडेतिकडे झालं की पनीर टिक्का येतो. म्हणून नुसता 'टीका' कधीही टाकू नका. 'टीकाकरण' घ्या, 'बच्चों का टीका' घ्या, किंवा वजा चिन्ह वापरून 'टीका -मांग -डिज़ाइन' असं लिहा. वजा चिन्ह शब्दाला चिकटलेलं असावं, त्याच्या आधी जागा असावी.

'बीसीजी' ही क्षयाची लस आहे, आणि त्याच आद्याक्षरांची एक जगप्रसिद्ध सल्लागार कंपनीही आहे. नोकरीच्या मोसमात आलेख का उसळला याचं उत्तर तिथे सापडतं. 'स्पुतनिक' म्हणजे लस, उपग्रह आणि वृत्तसंस्था. 'एमआर' (गोवर-रुबेलाची लस) एकटा टाकला तर काहीही येईल. 'एमआर का टीका' किंवा 'खसरे का टीका' टाका. २०२२ साली गुरांमध्ये लम्पी पसरला तेव्हा 'वैक्सीन' शोधणाऱ्यांत गुरांचे मालकही होते. त्या वर्षाचा आलेख काढताना 'लम्पी' वजा करा.

महिन्यांची भाषा विसरू नका. वेळापत्रकात ६, १० आणि १४ आठवडे असं लिहिलेलं असतं. आई मात्र 'डेढ़ महीने का टीका', 'ढाई महीने', 'साढ़े तीन महीने' असंच विचारते. मराठीतही दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचं इंजेक्शन असंच म्हणतात. 'पेंटावैलेंट' (पाच आजारांवरची एकत्र लस) हा शब्द डॉक्टर आणि परीक्षार्थी शोधतात. तुमचा वाचक पालक असेल तर यादीत महिनेच हवेत. 'नौ महीने का टीका' म्हणजे प्रामुख्यानं गोवर-रुबेलाचा पहिला डोस. 'डेढ़ साल का टीका' म्हणजे १६ ते २४ महिन्यांतला दुसरा डोस आणि बूस्टर. हे जुळवून यादीतच लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.

कित्येकदा लसीचं नावच शोधात नसतं. कुत्रा चावल्यावर कुणी 'रेबीज प्रतिबंधक लस' असं टाइप करत बसत नाही. 'कुत्ते के काटने पर इंजेक्शन' असं विचारतात, किंवा इंदूरात थेट लाल अस्पताल, म्हणजे हुकुमचंद पॉलिक्लिनिक, किती वाजता उघडतं ते बघतात. 'वैक्सीन' या शब्दावर काढलेल्या आलेखात हे लोक येतच नाहीत, आणि लसीची गरज सगळ्यात तातडीची असते ती यांनाच.

शेवटी स्पेलिंग. ट्रेंड्समध्ये 'शोधशब्द' म्हणून टाकलेला शब्द जसाच्या तसा मोजला जातो. चुकीची स्पेलिंगं, समानार्थी शब्द, एकवचन-अनेकवचन आपोआप धरलं जात नाही. 'वैक्सीन', 'वेक्सीन', 'वैक्सिन' आणि मराठी 'व्हॅक्सिन' हे चार वेगळे शब्द आहेत. 'डेढ' आणि नुक्ता दिलेला 'डेढ़' दोन्ही तपासा. सगळी रूपं एका ओळीत अधिक चिन्हानं जोडा : 'वैक्सीन + वेक्सीन + वैक्सिन'. अधिक चिन्ह म्हणजे 'यांपैकी काहीही', आणि अशी जोडलेली ओळ म्हणजे आपला 'जोडशब्द'. नेमका वाक्प्रयोग हवा असेल तर तो अवतरण चिन्हांत घाला. नाहीतर ते सगळे शब्द असलेला कोणताही शोध, कोणत्याही क्रमानं, मोजला जातो.

इथे सुचवणीत 'विषय' हा दुसरा पर्याय दिसतो. विषय निवडला की गुगल वेगवेगळ्या भाषांतले आणि स्पेलिंगांचे शोध स्वतःच एकत्र करतं. हे सोयीचं आहे, पण कोणता शोध कोणत्या विषयात घातला हे तुम्हाला दिसत नाही. दोन्ही काढा. विषयाचा आणि तुमच्या जोडशब्दाचा आलेख एकाच आकाराचा आला, तर यादी बरी जमली आहे. आकार वेगळे असतील तर पुन्हा यादीकडे वळा.

*तपासणी :* प्रत्येक जोडशब्द एकदा टाकून खालचे 'संबंधित शोध' वाचा. पहिल्या दहांत दोनपेक्षा जास्त शोध लसीबाहेरचे असतील, तर तो शब्द अजून वापरण्याजोगा नाही.

टप्पा ३ : ठिकाण, काळ, प्रकार

ठिकाणाच्या यादीत भारत, मग राज्य. मध्य प्रदेश निवडता येतं; एकट्या इंदूरचा काळानुसार आलेख मात्र तिथे मिळत नाही. राज्य निवडल्यावर खाली शहरांची यादी येते आणि इंदूर तिथे दिसतं. या यादीचा अर्थ भलताच लावला जातो, म्हणून एक काल्पनिक हिशेब करू. समजा एका महिन्यात इंदूरातून १० लाख शोध झाले आणि त्यांत १,००० लसीचे होते. एका छोट्या गावातून १० हजार शोध झाले, त्यांत २० लसीचे. इंदूरचा वाटा ०.१ टक्का, गावाचा ०.२ टक्का. यादीत गाव १००वर दिसेल आणि इंदूर ५०वर. यादी वाटा मोजते, संख्या मोजत नाही. "इंदूर मागे पडलं" असा मथळा देण्याआधी हा हिशेब पुन्हा वाचा.

इंदूरचा काळानुसार अंदाज हवाच असेल तर एक वळसा आहे. तीन-तीन महिन्यांच्या खिडक्या, म्हणजे निवडलेल्या काळाचे तुकडे, लावा आणि प्रत्येक खिडकीत इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर आणि जबलपूर यांचे आकडे टिपा. या चारांत इंदूरचा क्रम कसा बदलतो ते वाचता येतं. एका खिडकीतला आकडा दुसरीतल्या आकड्याशी ताडू नका, कारण प्रत्येक खिडकीत १०० वेगळं असतं.

ठिकाण ठरतं ते शोध करणाऱ्याच्या इंटरनेट पत्त्यावरून. धार, झाबुआ किंवा खरगोनहून इंदूरच्या मोठ्या इस्पितळात आलेल्या माणसानं तिथल्या बाकावर बसून केलेला शोध इंदूरचा धरला जाऊ शकतो. भंवरकुआँ भागात शिकायला राहिलेल्या मुलांचे शोधही तसेच. इंदूरच्या आकड्याला इंदूरच्या रहिवाशांचा आकडा म्हणू नका.

काळ निवडताना लक्षात ठेवा की आलेखाची बारकाई खिडकीच्या लांबीवर ठरते. सात दिवस निवडले तर तासागणिक आकडे येतात. साधारण नऊ महिन्यांपर्यंत दिवसागणिक, तिथून पाच वर्षांपर्यंत आठवड्यागणिक, त्यापुढे महिन्यागणिक. आठवड्याच्या ओळीवरची तारीख त्या आठवड्याच्या रविवारची असते. गुरुवारी झालेली घटना आलेखात चार दिवस आधी दिसल्यासारखी वाटते, ती यामुळे.

२००४पासूनचा डेटा मिळतो म्हणून तो सगळा घेऊ नका. भौगोलिक नोंदीची पद्धत १ जानेवारी २०११पासून सुधारली आणि डेटा गोळा करण्याची पद्धत १ जानेवारी २०१६पासून. आलेखावर या जागी 'टीप' अशी खूण असते. त्यातच सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि स्वस्त इंटरनेटबरोबर शोध घेणारी माणसंच बदलली. २०१२चा शोधणारा आणि २०२२चा शोधणारा यांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या वस्त्यांची तुलना.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट : २०२१ला बाजूला काढा. आकडे ० ते १०० पूर्णांकांतच मिळतात आणि निवडलेल्या काळातलं सर्वोच्च शिखर म्हणजे १००. २०१९ ते २०२४ अशी एकच खिडकी घेतली तर एप्रिल-मे २०२१चं शिखर बाकी सगळ्याला तळाशी दाबून टाकतं. पोलिओ, गोवर, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस) सगळं सपाट रेघ होऊन बसतं. सुरुवातीला दिलेलं '१०० आणि आता ३' हे वाक्य याच चुकीतून येतं. २०२०च्या अखेरीपर्यंत एक खिडकी, २०२१ ते मार्च २०२२ दुसरी, त्यापुढे तिसरी, अशी वाटणी करा.

प्रकारात 'वेब शोध' आधीच निवडलेला असतो. त्याच यादीत यूट्यूबही आहे, त्याचा आलेख वेगळा काढून ठेवा. वाचण्यापेक्षा बघणं सोपं जातं असे पुष्कळ लोक थेट व्हिडिओतच उत्तर शोधतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं मात्र ट्रेंड्सला दिसत नाही.

*इशारा :* आलेखाचं शेवटचं टोक तुटक रेघेत असेल तर तो काळ अजून पुरा झालेला नाही. "या आठवड्यात घसरण" असं त्यावरून लिहू नका.

टप्पा ४ : डाउनलोड, एकदा नव्हे पाचदा

ट्रेंड्स सगळे शोध मोजत नाही, नमुना घेऊन मोजतं. मोठ्या शब्दांना याचा फरक पडत नाही. मध्य प्रदेशापुरत्या 'नौ महीने का टीका' अशा छोट्या शब्दाला पडतो : आज काढलेल्या आलेखात ४० आलेला आठवडा परवा ५५ किंवा २५ येऊ शकतो. म्हणून हुबेहूब तीच निवड ठेवून वेगवेगळ्या पाच दिवशी फाइल उतरवा आणि प्रत्येक आठवड्याची सरासरी घ्या. एकाच दिवशी पाचदा उतरवून उपयोग नाही, बहुधा तेच आकडे परत येतात.

फाइलच्या नावातच शब्दगट, राज्य, खिडकी आणि उतरवल्याची तारीख घाला. महिन्यानंतर 'मल्टिटाइमलाइन' नावाच्या अकरा फाइलींतली कोणती कशाची, हे कुणालाच सांगता येत नाही.

एक्सेलमध्ये उघडताना तीन गोष्टी.

१. दुहेरी क्लिकनं उघडली तर देवनागरी अक्षरांच्या जागी कचरा दिसतो. 'डेटा' टॅबमधून मजकूर-फाइल आयात करा आणि यूटीएफ-८ (६५००१) निवडा.

२. वरची वर्गाची ओळ आणि तिच्याखालची रिकामी ओळ काढा, म्हणजे शीर्षकाची ओळ वर येईल.

३. अगदी कमी मूल्याच्या जागी '<१' असं लिहून येतं. एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि सरासरीतून वगळतं, त्यामुळे सरासरी फुगते. सगळीकडे ०.५ घाला, आणि तसं केल्याची नोंद ठेवा.

शून्याचा अर्थही इथेच नीट लावून घ्या. शून्य म्हणजे कुणीच शोधलं नाही असं नाही. मोजण्याइतका डेटा नव्हता. एका शब्दाच्या निम्म्याहून जास्त आठवड्यांत शून्य असेल तर तो शब्द राज्यासाठी वापरू नका. दुसऱ्या रूपांशी जोडा किंवा पूर्ण भारतासाठी काढा.

टप्पा ५ : खिडक्या जोडणं

नऊ महिन्यांहून मोठ्या काळाचे दिवसागणिक आकडे हवे असतील तरच हा टप्पा करा, नाहीतर सहाव्याकडे जा.

समजा पहिली खिडकी १ जानेवारी ते ३१ ऑगस्ट २०२१ आणि दुसरी १ जुलै २०२१ ते २८ फेब्रुवारी २०२२. जुलै आणि ऑगस्टचे ६२ दिवस दोन्हींत आहेत. त्या ६२ दिवसांची सरासरी पहिलीत २४ आणि दुसरीत ६० आली, तर गुणक २४ भागिले ६०, म्हणजे ०.४. दुसऱ्या खिडकीतल्या प्रत्येक आकड्याला ०.४नं गुणा आणि १ सप्टेंबरपासून पुढे जोडा.

एकाच दिवसावरून गुणक काढू नका. त्या दिवशीचा नमुना वाकडा असेल तर पुढची सगळी साखळी वाकडी जाते. सामाईक काळ दोन महिन्यांचा तरी असू द्या. त्यात शून्यं भरपूर असतील तर जोडणीचा नाद सोडा आणि दोन आलेख वेगळे छापा.

टप्पा ६ : शिखराचं कारण शोधणं

आधी आलेखावरून शिखरांच्या तारखा लिहा, नंतर घटनांची यादी बघा. उलट केलं की डोळ्यांना हवं तिथे शिखर दिसू लागतं.

कोविडच्या काळासाठी या तारखा हाताशी ठेवा : १६ जानेवारी २०२१ आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात, १ मार्च ६० वर्षांवरचे आणि ४५ वर्षांवरचे सहव्याधीग्रस्त, १ एप्रिल ४५ वर्षांवरचे सगळे, २८ एप्रिल १८ वर्षांवरच्यांची को-विन या सरकारी पोर्टलवर नोंदणी, १३ मे कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे, २१ जून केंद्राची नवी मोफत लस योजना, त्या एका दिवसात मध्य प्रदेशात १६ लाखांहून जास्त डोस, ३ जानेवारी २०२२ १५ ते १८ वयोगट, १० जानेवारी प्रिकॉशन (तिसरा) डोस, १६ मार्च १२ ते १४ वयोगट.

या यादीत २८ एप्रिलकडे थांबून बघण्यासारखं आहे. त्या सुमारास नोंदणीच्या वेळा मिळत नव्हत्या, म्हणून एकच माणूस दिवसभर को-विन शोधत होता. गुगल थोड्या वेळात पुन्हा पुन्हा केलेला तोच शोध वगळतं, पण सकाळी, दुपारी आणि रात्री केलेले वेगळे धरले जाण्याची शक्यता राहते. टंचाईचं शिखर आणि उत्साहाचं शिखर आलेखात सारखंच दिसतं. ओळखायचं कसं? संबंधित शोधांवरून. 'स्लॉट' हा शब्द वर असेल तर टंचाई आहे.

दोन घटना लागोपाठ आल्या की गोंधळ होतो. १ फेब्रुवारी २०२४ला अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्यास प्रोत्साहन देऊ, असं सांगितलं गेलं. २ फेब्रुवारीला एका अभिनेत्रीचा त्याच कर्करोगानं मृत्यू झाल्याची बातमी पसरली. ३ फेब्रुवारीला ती खोटी निघाली. आठवड्याच्या आकड्यांत हे सगळं एकाच शिखरात मिसळतं आणि लेखात "अर्थसंकल्पामुळे जागृती" असं छापलं जातं. अशा वेळी तेवढाच महिना निवडून दिवसागणिक आलेख काढा आणि 'एचपीवी वैक्सीन' व 'सर्वाइकल कैंसर' दोन वेगळ्या रेघांत बघा. आजाराची रेघ कोणत्या दिवशी उसळली, लसीची कोणत्या दिवशी आणि किती दिवस टिकली, यावरून बातमीची उत्सुकता आणि लसीची चौकशी वेगळी करता येते.

तसंच पोलिओ. २०२१मध्ये पल्स पोलिओची तारीख कोविड लसीकरणामुळे १७ जानेवारीवरून ३१ जानेवारीवर गेली. 'पोलियो कब है' हा शोध त्या दोन आठवड्यांत वाढलेला दिसला, तर त्यात शंका-कुशंका काही नाही, लोक फक्त तारीख विचारत होते.

*तपासणी :* शिखर किंवा दरी खरी आहे का बघण्यासाठी लसीशी संबंध नसलेला एक स्थिर शब्द, उदाहरणार्थ हिंदी-इंग्रजी भाषांतराचा शोध, त्याच काळासाठी वेगळा काढा. आकडा हा एकूण शोधांतला वाटा असतो, त्यामुळे निवडणुकीच्या निकालादिवशी किंवा क्रिकेटच्या अंतिम सामन्यादिवशी एकूण शोध फुगले की लसीचा वाटा आपोआप घटतो. दोन्ही रेघा एकाच दिवशी खाली गेल्या, तर लसीबद्दल काही घडलेलं नाही.

टप्पा ७ : शोधांची वर्गवारी

आतापर्यंतचं काम आकड्यांचं होतं. लोकांचं म्हणणं ऐकू येतं ते इथे. 'संबंधित शोध'मधल्या 'शीर्ष' आणि 'वाढते' अशा दोन्ही याद्या उतरवा आणि प्रत्येक ओळ चारांपैकी एका खणात टाका : कुठे-केव्हा-किती रुपयांत, त्रास आणि भीती, प्रमाणपत्र आणि कागद, बातमी आणि राजकारण.

'वाढते' यादीत टक्क्यांच्या जागी 'ब्रेकआउट' लिहिलेलं असेल तर वाढ ५,००० टक्क्यांहून जास्त आहे. आधी जवळजवळ कुणीच शोधत नसलेला शब्द थोडक्या शोधांनीही तिथे पोहोचतो. मोठा शब्द दिसला म्हणून मोठी लाट समजू नका.

प्रमाणपत्राचा खण वेगळा ठेवाच. को-विनचे पुष्कळसे शोध प्रवासासाठी, नोकरीसाठी प्रमाणपत्र उतरवायचे होते. ते लसीच्या उत्सुकतेत मिसळले तर लस घेऊन मोकळा झालेला माणूस 'लस शोधतोय' म्हणून मोजला जातो.

'त्रास आणि भीती' या खणात घाई करू नका. 'दुष्परिणाम' दिसला की 'लसविरोध' असं लिहून टाकण्याची सवय फार पसरली आहे, आणि ती पालकांवर अन्याय करते. हिंदी शोधांतले छोटे शब्द वाचा. 'टीका लगने के बाद बुखार', 'टीके के बाद गांठ', 'बीसीजी का टीका नहीं पका' हे विचारणाऱ्यांनी लस दिलेली आहे. रात्री बाळ रडतंय, मांडी सुजली आहे, आणि आई विचारते आहे की हे ठीक आहे ना. तिला धीर आणि सूचना हवी. 'लगवाएं या नहीं', 'लगवाने से क्या होता है', 'सेफ है क्या' हे विचारणारे अजून ठरवताहेत. त्यांना माहिती हवी. दोन गटांसाठी दोन वेगळी पत्रकं लागतात. म्हणून हा खण 'घेतल्यानंतर' आणि 'घेण्याआधी' असा दोन भागांत फोडा.

एक सोपी पडताळणी करता येते. मध्य प्रदेशात नियमित लसीकरणाची सत्रं बहुधा मंगळवारी आणि शुक्रवारी असतात. 'टीके के बाद बुखार'चा सात दिवसांचा तासागणिक आलेख सलग चार आठवडे काढा. राज्यासाठी डेटा अपुरा पडला तर हिंदी भाषक राज्यं बघा, पण तिथले वार वेगळे असू शकतात हे ध्यानात ठेवा. सत्राच्या दिवशी रात्री शोध चढत असेल, तर तो लस घेतलेल्यांचाच प्रश्न आहे.

एप्रिल २०२४च्या अखेरीस कोविशील्डबद्दल जे शोध झाले त्यांना मात्र हा नियम लावू नका. अ‍ॅस्ट्राझेनेकानं ब्रिटनच्या न्यायालयात रक्ताच्या गुठळ्यांचा अतिदुर्मिळ दुष्परिणाम मान्य केल्याची बातमी तेव्हा आली. त्या वेळी विचारणारे डोस घेऊन दोन-तीन वर्षं झालेले लोक होते. शब्द तेच, पण प्रश्न वेगळा. यांच्यासाठी 'बातमीनंतर' असा तिसरा उपखण करा.

टप्पा ८ : बाहेरच्या आकड्यांशी ताळा

जिल्ह्याचे मासिक लसीकरणाचे आकडे आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीत, म्हणजे एचएमआयएसमध्ये असतात. शोधाचा आठवडी आकडा महिन्यावर आणा आणि दोन्ही शेजारी ठेवा. एकाच महिन्यात दोन्ही वाढले म्हणून एकामुळे दुसरं झालं असं ठरत नाही. दोन्हींमागे एखादी मोहीम असू शकते. एक महिना मागे-पुढे सरकवूनही बघा, आणि किती महिने सरकवलं ते लिहा.

गुगलनं स्वतः २००८मध्ये शोधांवरून फ्लूचा अंदाज देणारी सेवा सुरू केली होती. २०१२-१३च्या हंगामात अमेरिकेत तिचा अंदाज प्रत्यक्षाच्या दुपटीच्या आसपास गेला आणि २०१५मध्ये ती बंद झाली. बातम्या ऐकून निरोगी लोकही शोध घेत होते. इतक्या साधनांनिशी केलेलं काम इथे घसरलं, तेव्हा एका राज्याच्या पाच फाइलींवरून "पुढच्या महिन्यात मागणी इतकी वाढेल" असं भाकीत करू नका.

टप्पा ९ : लिहिताना

आलेखाखाली पाच गोष्टी छापा : नेमके शब्द (चिन्हांसकट), ठिकाण, खिडकीच्या तारखा, उतरवल्याच्या तारखा, आणि 'आकडे सापेक्ष आहेत' ही ओळ.

"७५ टक्के लोकांनी शोधलं" असं लिहू नका. "या काळातल्या सर्वोच्च पातळीच्या तीन-चतुर्थांश" असं लिहा. "इंदूरकर घाबरले"च्या जागी "मध्य प्रदेशात तापाबद्दलचे शोध या आठवड्यात वाढले, त्यांतले बरेचसे लस घेतल्यानंतरचे आहेत" असं लिहा. वाक्य लांब होतं, होऊ द्या.

शिबिरासाठी काम असेल तर सातव्या टप्प्यातल्या खणांमधले वरचे पाच प्रश्न लोकांच्याच शब्दांत घ्या, मराठी आणि हिंदी दोन्हींत, आणि त्यांची उत्तरं बालरोगतज्ज्ञाकडून किंवा लसीकरण केंद्रातल्या एएनएमकडून लिहून घ्या. पत्रकाचा मथळा 'पेंटाव्हॅलंट लसीची माहिती' असा ठेवला तर ते चाळून बाजूला ठेवलं जातं. 'दीड महिन्याच्या इंजेक्शननंतर ताप आला तर' असा ठेवा आणि सत्राच्या दिवशीच, बाळाच्या कार्डाबरोबर हातात द्या.